मजेंटा शोधायला अंबडला

पुण्याहून निघताना पिशवीत इंग्रजी-मराठी शब्दकोश टाकला, तेव्हाच बायको हसली. लग्नाच्या बस्त्याला (लग्नाची सगळी कापडं एकाच दिवशी, सगळ्यांनी मिळून घ्यायची पद्धत) शब्दकोश घेऊन निघालेला मामा मराठवाड्याने पहिल्यांदाच पाहिला असेल. पण इलाज नव्हता. माझी भाची पल्लवी, हिच्या नवरदेवाच्या बहिणीने, मेघाने, फोनवरच्या ग्रुपात फर्मान काढलं होतं: लग्नात दोन्हीकडच्या बायकांनी मजेंटा नेसायचं.

त्यावर माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, वाटूरहून फोन. "बापू, तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं ना तू? मंग ये अंबडला आन् मजेंटा म्हंजी काय ते दाखव."

"अगं, दुकानदाराला विचार की."

आक्का हळूच म्हणाली, "साखरपुड्यात मेघाताईनं मला फोटोत मागं उभं केल्तं. साडी लई भडक हाय म्हणून. तू नव्हता आल्ता, तुला ठाव न्हाई. लेकीच्या लग्नात तरी तसं नगं रे व्हायला."

मला साखरपुड्याला न गेल्याची लाज वाटली आणि त्या मेघाचा सणकून राग आला.

जालन्याला उतरलो तेव्हा पाठीचा पार खुळखुळा झाला होता. स्टँडवर अंबडची गाडी "आत्ता लागंल, आत्ता लागंल" करत पाऊण तासाने लागली. खिडकी बंद होईना, आणि मार्चमधलं ऊन थेट मांडीवर. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा होत्या, त्या बघण्याइतकं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. मी शब्दकोश काढला. मजेंटा: जांभळट किरमिजी रंग. शेजारच्या बाईंना विचारलं, "किरमिजी म्हणजे कोणता हो?"

"जंतावरचं औषध असतंय ना ते?" त्या म्हणाल्या, आणि पिशवी माझ्यापासून जरा लांब सरकवली.

अंबडच्या दुकानात गादीवर आक्काकडची अकरा माणसं मांडी घालून बसली होती. चहाची दुसरी फेरी चालली होती, समोर साड्यांचा ढीग. मला बघताच आक्का म्हणाली, "आला बघा आमचा मास्तर!" आणि सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी खिशातूनच रंग काढणार.

"मजेंटा दाखवा," मी शेठना म्हणालो.

"नाव नका सांगू सर, नमुना दाखवा. नावावर धंदा करून राह्यलो अस्तो तर दुकान कधीच बंद पडलं अस्तं."

पल्लवीने मेघाने पाठवलेला फोटो दाखवला. तिच्या फोनवर तो गुलाबी दिसला, माझ्या फोनवर वांग्याच्या सालीसारखा, आणि शेठच्या फोनवर चक्क लाल. शेठनी साड्या उलगडायला सुरुवात केली. राणी, डाळिंबी, वांगी, जांभूळ. प्रत्येक साडीला अकरांतले पाच जण "हाच" म्हणायचे आणि सहा जण "बिलकुल न्हाई." मी वैतागून म्हणालो, "अहो, मजेंटा हे इटलीतलं एक गाव आहे! तिथल्या लढाईवरून रंगाला नाव पडलंय."

"मंग तिथनंच मागवावं लागंल," शेठ शांतपणे म्हणाले. "बराबर महिना तर लागंलच."

तेवढ्यात मेघाच आली. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! तिने एकेक साडी बोटाने बाजूला केली. "ही डल आहे. ही पिंक झाली. ही पर्पल." माझं डोकं फिरायला लागलं. पोरी, तुला तरी माहीत आहे का तुला काय हवंय ते, असं अगदी ओठावर आलं होतं. नवरदेवाकडची माणसं, म्हणून गिळलं.

आक्का या गोंधळाला कंटाळून उठली. समोरच्या टेलरकडे ब्लाऊज टाकून येते म्हणाली आणि पिशवीतून मापाचा ब्लाऊज काढला. बायका नव्या ब्लाऊजच्या मापासाठी अंगाला बरोबर बसणारा जुना नेतात, तो.

"काकू, थांबा!" मेघा जवळजवळ ओरडलीच. "हाच! हाच मजेंटा! कुठून आणलात?"

आक्काने ब्लाऊज उजेडात धरला. "ह्यो गुलबक्षी हाय. दाराशी सांजच्याला फुलती ती गुलबक्षी. भाऊबीजेला माझ्या भावानं साडी दिल्ती, तिच्यावरचा. साखरपुड्याला हीच साडी नेसल्ते मी, मेघाताई. तुमी मला मागं उभं केल्तं."

मेघाचं तोंड एवढंसं झालं. "सॉरी काकू. तेव्हा सगळं फिकं ठरलं होतं ना, म्हणून..."

"सॉरी राहू द्या. लग्नात कुठं उभं करता ते सांगा."

"पल्लवीच्या शेजारी," मेघा खाली बघत म्हणाली. "पुढं."

आक्का म्हणाली, "मंग मला नवी नगं. हीच नेसंन." आणि पुन्हा गादीवर बसून राहिलेला चहा प्यायली. शेठनी कपाळाचा घाम पुसला, ब्लाऊज मागून घेतला आणि नोकरांना म्हणाले, "ह्याच्याशी लावून बघा, जल्दी." दहा मिनिटांत पाच साड्या निघाल्या. आम्ही अडीच तास ज्या ढिगासमोर बसलो होतो, त्याच ढिगातून.

परतीच्या गाडीत ग्रुपात मेघाचा संदेश आला. आक्काच्या ब्लाऊजचा फोटो, खाली एकच ओळ: "मजेंटा म्हणजे काकूंचा गुलबक्षी." मला बरं वाटलं, पण राग काही गेला नाही. आता तो मेघापेक्षा माझ्यावरच जास्त होता. साडी माझ्या नावाची, बहीण माझी, शब्दकोश माझा, आणि मलाच पत्ता नाही.

घरी पोचलो, पाणी प्यायलो आणि बायकोला विचारलं, "भाऊबीजेला आपण आक्काला दिलेल्या साडीचा रंग कोणता होता गं?"

"गुलबक्षी," ती म्हणाली. "दोन तास लावून मी निवडली. तुम्ही दुकानाबाहेर पेपर वाचत होता."