डाव्या हाताची सुरी

आमची बटालियन अरुणाचलला गेली तेव्हा मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर. पोस्ट नदीच्या वरच्या अंगाला होती. काही बंकर, एक कुकहाऊस आणि वर्षातले बरेच महिने पाऊस. माझं गाव कळसाडी, तालुका शहादा. आमच्याकडे पाऊस आला की लोक खूश होतात. तिथे मला पहिल्याच महिन्यात पावसाचा वीट आला.

त्या पोस्टिंगला जाताना मी एक सुरी घडवून घेतली होती. ती अजून माझ्याकडे आहे. शहाद्यातले हार्डवेअरवाले शेठ तिच्यावरून मला हटकून डिवचतात. "फौजीसाब, तेवढ्या पैशांत माझ्या दुकानातल्या डझनभर सुऱ्या आल्या असत्या. आता तर मोबाईलवर घरपोच येतात." त्यांचं म्हणणं खोटं नाही. माझं उत्तर मात्र जरा लांबलचक आहे, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ते सांगता येत नाही.

मी डावखुरा. उसाच्या पट्टीत राबणाऱ्या माणसाला डावखुरेपणा म्हणजे डोक्याला ताप. बाजारातला कोयता घ्या नाहीतर विळा, त्याची धार उजव्या हाताच्या हिशोबाने लावलेली असते. विसरवाडीला हायवेच्या कडेला नथूभाऊ लोहारांची भट्टी होती. भंगारात निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून ते कोयते आणि सुऱ्या घडवत. त्यांची एक रीत होती. सुरी पहिल्यांदा द्यायची ती कच्च्या मुठीची, खैराचं नुसतं ओबडधोबड लाकूड ठोकलेली. "वापर, आणि सुट्टी संपायच्या आत परत ये," असं सांगायचे. तोवर घामाने लाकडावर डाग पडत. जिथे डाग, तिथे हात. त्या खुणांवर ते मूठ तासायचे. माझ्या मुठीला त्यांनी डाव्या अंगठ्यासाठी खाच काढली. अंगठा खाचेत बसला की धार कुठल्या बाजूला आहे ते न बघता कळायचं. मला ती सुरी इतकी आवडली की परतीच्या बसमध्ये दोनदा पिशवीत हात घालून चाचपली.

नथूभाऊंचा पत्ता मला दिला दिलवर गावितने. तो माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक, विसरवाडीजवळच्या एका पाड्यावरचा. घरी त्याची बोली वेगळी, पण माझ्याशी अहिराणीतच बोलायचा. गंमत म्हणजे स्वतः त्याने तिथली सुरी घेतली नव्हती. त्याने घेतली होती स्टेशनबाहेरच्या दुकानातली, चकाकणारी, मागे करवतीचे दात असलेली. मूठ पोकळ. मुठीचं टोपण फिरवलं की आत गळ, दोरा, काड्या. आणि टोपणावर चक्क होकायंत्र. सगळी प्लाटून ती बघायला जमली.

"भाऊ, तुन्ही सुरीमा काय शे?" तो मला विचारायचा.

"धार शे."

"बस? इतला पैसा फक्त धारना दिन्हा?"

खरं सांगायचं तर पोस्टवरच्या रोजच्या कामात त्याचीच सुरी सरस ठरली. बटाटे सोला, डबे उघडा, पुसून ठेवून द्या. माझ्या सुरीला त्या दमट हवेत दोन दिवसांत गंज धरायचा. रायफलचं तेल लावून लावून मी कंटाळलो. दिलवर शेजारी बसून म्हणायचा, "लाव, लाव, पोरले लाव तेल." मी चिडायचो, आणि मनातून मला त्याचं पटतही होतं.

एका पेट्रोलिंगवरून परतताना नदी चढलेली मिळाली. दुपार होती. सुभेदारसाहेबांनी काठाची पाहणी केली आणि रोप, म्हणजे जाड दोर, बांधून क्रॉस करायचा हुकूम दिला. मी आणि चार जण पलीकडे पोचलो. दिलवर मधोमध असताना वरून एक ओंडका वाहत आला आणि रोपवर आदळला. दिलवरचा कमरेचा सेफ्टी रोप ओंडक्याला आणि त्याच्या डाव्या पायाला एकत्र गुंडाळला गेला. ओंडका त्याला खाली ओढत होता. पाणी छातीवरून हनुवटीला आलं.

त्याने स्वतःची सुरी काढली. पाण्याखाली पातं दोर आणि ओंडक्याच्या फटीत घातलं आणि जोर दिला. हात वर आला तेव्हा त्यात नुसती मूठ होती. पातं मुठीतून उखडून वाहून गेलं होतं.

रेडिओ ऑपरेटर पोस्टला सांगत होता, "टायगर, एक आदमी पानी में फँसा है. रेस्क्यू चालू. ओव्हर."

"रॉजर. हेली नहीं आएगा, वेदर खराब. आउट."

मी रोप धरून पाण्यात उतरलो. भीती वाटत होती, ती लपवण्यात अर्थ नाही. उजवा हात रोपवर, तो सोडला असता तर मीही गेलो असतो. म्हणजे जे काय करायचं ते डाव्या हाताने. दिलवरजवळ पोचलो तेव्हा तो पाणी थुंकत होता.

"पाटील, रुको!" सुभेदारसाहेब माझ्यावर ओरडले. "पहले नीचे दो आदमी लगने दो!"

हुकूम बरोबर होता. दोर सुटताच दिलवर प्रवाहाबरोबर खाली जाणार होता आणि त्याला अडवायला खाली कुणी हवं होतं. आम्ही थांबलो. पाणी त्याच्या तोंडावरून जात होतं. मी खांद्याने त्याची मान वर धरली.

"भाऊ, काप."

"थांब. मी शे ना."

खालून हात हलला. "काटो!" सुभेदारसाहेबांचा आवाज आला.

पाणी गढूळ, काही दिसत नव्हतं. बोटं गारठून बधिर झाली होती. अंगठा खाचेत बसला एवढं मात्र समजलं, म्हणजे धार दोराकडे आहे आणि पाठ त्याच्या पायाकडे. तीन फेरे होते. एकेक फेरा चाचपून कापला. शेवटचा तुटला तसा ओंडका एकीकडे गेला आणि दिलवर दुसरीकडे. खालच्या दोघांनी त्याला पाठीवरच्या पॅकला धरून ओढून घेतलं.

काठावर तो बराच वेळ खोकत पडला होता. त्याची उजवी मूठ आवळलेली होती. सुभेदारसाहेबांनी ती उघडली तर आत सुरीची तुटकी मूठ आणि तिच्या टोपणावरचं होकायंत्र.

दिलवरने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दिसा तं बराबर दखाडी ऱ्हायनं."

सुभेदारसाहेबांना मी त्याचा अर्थ सांगितला, दिशा तर बरोबर दाखवतंय. तेही हसले. मी हसता हसता रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पुढच्या वर्षी दिलवरला मुलगी झाली, ज्योती. तो नाईक झाला. नंतर दुसऱ्या राज्यात, जंगलात, सर्च पार्टीच्या पुढे चालत असताना त्याला गोळी लागली. नाईक दिलवर गावित तिथेच गेला. तिथे कुठलीच सुरी उपयोगाची नव्हती. ज्योती तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागली होती.

आता ती लोणखेड्याच्या कॉलेजात आहे. रविवारी आमच्याकडे जेवायला येते, माझ्या बायकोला स्वयंपाकात मदत करते. कांदा चिरायला शेठच्या दुकानातली प्लास्टिकच्या मुठीची सुरी घेते. "काका, तुमची जड आहे, आणि हातात उलटी बसते." बरोबर आहे. ज्योती उजव्या हाताची. घरातल्या कामाला बाजारातली सुरी घ्या, असं मीही सगळ्यांना सांगतो.

मागच्या महिन्यात दिलवरचा स्मृतिदिन झाला. त्याच्या पाड्यावर फोटोला हार घातला, मी सॅल्यूट केला. नंतर ज्योती माझ्याजवळ येऊन बसली. वडिलांचं तिला फार काही आठवत नाही. एकच आठवतं, ते तिने मला सांगितलं. वडील सुट्टीवर आले की तिला खांद्यावर घेऊन विसरवाडीच्या चौफुलीवर उभे राहायचे आणि येणारे ट्रक दाखवायचे. तिला रंगांची नावं येत नव्हती, म्हणून ते एकेका ट्रकचा रंग विचारायचे. ती चुकली की मुद्दाम तेच चुकीचं नाव मोठ्याने म्हणायचे. हिरव्या ट्रकला दोघं मिळून लाल म्हणायचे.

सुरीवरून शेठनी पुन्हा डिवचलं तर मी एवढंच सांगणार आहे: नदीतला तो दोर तिने कापला, म्हणून ज्योतीला तो हिरवा ट्रक लाल म्हणायला मिळाला.