मिनिमम भरलं की झालं

हॉटेलात जेवण संपत आलं की दादांचा उजवा हात खिशाकडे जायचा. वेटर बिल ठेवून वळायच्या आत त्यांचं कार्ड बशीत, बडीशेपेच्या शेजारी पडलेलं असायचं. आम्ही आपापली पाकिटं चाचपतोय तोवर ते म्हणायचे, “राहू दे रे. मी आहे ना!”

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. अशा माणसाच्या पाकिटात काय आहे, हे आपण कधी विचारत नाही. आम्हीही नाही विचारलं.

मस्कतला, बौशर भागातल्या आमच्या कंपनीत ते एसीच्या कामांचे सुपरवायझर होते आणि मी अकाउंट्सला. गाव देवरुखच्या अलीकडचं. वयाने मोठे म्हणून सगळ्यांचे दादा. ओमानी सहकारीही त्यांना दादाच म्हणत, फक्त तो ‘दा’ जरा लांबवून. अल हैलला त्यांचा फ्लॅट होता. सुट्टीच्या दिवशी तिथे कोणीही जावं आणि वहिनींच्या हातचं सांदण खाऊन यावं.

एकदा साइटवरच्या रायगडच्या एका गवंड्याची आई गेली. पगार लांबलेला, तिकिटाला पैसे कुठले? तो भिंतीला टेकून नुसता बसला होता. दादांनी तिथेच उभ्याउभ्या फोनवरून, कार्डावर त्याचं तिकीट काढलं. तो गवंडी गेला तो परत आलाच नाही. दादा त्याविषयी एवढंच म्हणाले, “आईला बघायला मिळालं ना त्याला? मग झालं.”

पण पगार त्या गवंड्याचाच नाही, आमचा सगळ्यांचाच लांबायला लागला होता. कंपनीची बिलं अडकलेली. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, रोज ‘इन्शाल्ला’ म्हणायचा. मुलीच्या कॉलेजची फी, घराचं भाडं, गावी वडिलांचं ऑपरेशन, सगळं दादांच्या कार्डांवर चढत गेलं. एका कार्डावर रोख काढायची आणि दुसऱ्याचा हप्ता भरायचा. मी एकदा काळजीने विचारलं, तर हसून म्हणाले, “मिनिमम भरलं की झालं. एक महिना चुकवलेला नाही मी!”

त्यांना त्याचा अभिमान होता. खरंच होता.

मग त्यांचा फोन टेबलावर पालथा पडायला लागला. वाजला की दादा खुर्चीवरून उठून उभे राहायचे आणि उभ्यानेच बोलायचे, “यस सर. नेक्स्ट वीक, सर. शुअर, सर.” पलीकडचा वसुलीचा पोरगा त्यांच्या मुलीच्या वयाचा असेल. बोलणं झाल्यावरही ते थोडा वेळ तसेच उभे असायचे.

फ्लॅट सोडला. वहिनींना ‘सासऱ्यांकडे बघायला कोणी नाही’ म्हणून गावी पाठवलं. मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती. स्वतः दादा कामगारांच्या खोलीत एका खाटेवर राहायला गेले. दुपारी आमच्यात जेवायला बसेनासे झाले. कधी संकष्टी असायची, कधी एकादशी, कधी नुसताच सोमवार.

आमच्यातला दापोलीचा इस्माईलभाई एक दिवस म्हणाला, “दादा, तुमच्यात आठवड्याला किती एकादश्या येतात हो?”

सगळे हसले. दादाही हसले आणि पाण्याची बाटली भरायला उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून इस्माईलभाई घरून दोन डबे आणायला लागला.

मुलीचं लग्न ठरलं होतं. साखरपुड्यासाठी रजा मंजूर झाली आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कामं बघणाऱ्या आमच्या ओमानी सहकाऱ्याने, दादांना बाजूला घेतलं. एका बँकेने कोर्टात केस टाकली होती. देश सोडायला बंदी. त्याने फोनचा पडदा दादांसमोर धरला आणि हळूच म्हणाला, “सफर माफी, दादा.” जाता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना अल हैलच्या समुद्रावर घेऊन गेलो. मुलं फुटबॉल खेळत होती. दादा वाळूवर बसले आणि अगदी साध्या आवाजात, जणू बसचं वेळापत्रक विचारावं तसं त्यांनी विचारलं, “माणूस मेला तर कार्डाचं कर्ज माफ होतं म्हणे. खरं का रे?”

मी त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. त्या रात्री त्यांना मी माझ्या घरी झोपवलं. पुढचे कितीतरी दिवस मी, नाहीतर इस्माईलभाई, कोणीतरी त्यांच्या सोबत असायचो.

मग आम्ही त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. सगळी कार्डं, सगळी कर्जं, कुठल्या महिन्यात काय भरलं, सगळं एकाखाली एक. दादांनी चष्मा पुसून पुसून वाचलं.

“यातलं सगळं मला माहीत होतं,” ते म्हणाले. “पण सगळं एका ठिकाणी बसलेलं कधी बघितलं नव्हतं.”

मी त्यांना समजावलं, मिनिमम भरल्याने फक्त दंड टळतो. मुद्दल जवळपास तिथेच राहते आणि व्याज वाढत जातं. ते शाळेतल्या मुलासारखं ऐकत होते. खाली काही बँकांची नावं होती, जिथे दादांचं एक पैसाही कर्ज नव्हतं.

“ही कोण?”

“इथे तुम्ही नवीन कार्ड मागितलं होतं. त्याचीही नोंद राहते.”

“पण दिलं नव्हतं त्यांनी.”

“तरी.”

दादांनी चष्मा काढला. “नुसतं विचारलं तरी लिहितात?”

इतक्या दिवसांत ते रडले ते तेव्हा.

साखरपुड्याला का येत नाही, याला वहिनींनी कारण शोधून ठेवलं होतं: व्हिसाचं काम अडकलंय. दोन दिवसांनी दादांनी मात्र माझ्यासमोरच व्याह्यांना फोन लावला. “माझ्यावर कर्ज आहे. केस आहे. म्हणून मला इथून हलता येत नाही. माझ्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं.” पलीकडून उत्तर आलं, “आम्ही कळवतो.”

त्यांनी कळवलं. लग्न मोडलं.

वहिनी पुढे कित्येक महिने दादांशी बोलल्या नाहीत. मुलीचा मात्र त्याच दिवशी फोन आला. मस्कतला वाढलेली पोर, मराठी अडखळत बोलायची. “बाबा, तुम्ही खरं बोललात ना? मग ते... ते बरोबर आहे. मी ओके आहे.” दादा मला म्हणाले, “ती ओके नव्हती रे. फोन ठेवायला विसरली आणि मला सगळं ऐकू येत होतं.”

शेवटी त्यांनी राजीनामा दिला. इतक्या वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी थेट बँकांकडे वळवली. मी आणि मंदूब एकेका बँकेत जाऊन बसलो. बँकांनी थोडं व्याज सोडलं, दादांनी सगळं सोडलं. रिपोर्टवर ‘फिटलं’ असं न येता ‘तडजोड’ असा शेरा आला. “हा पुसला जाईल?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काही वर्षांनी.” ते म्हणाले, “तेव्हा कोणाकडे काय मागायचंय मला?”

बंदी उठली. तरी त्यांचा विश्वास बसेना. एकट्याने विमानतळावर जायची त्यांना भीती वाटत होती, म्हणून मी माझी रजा पुढे आणून त्याच विमानाचं तिकीट काढलं. पासपोर्टच्या रांगेत ते माझ्या पुढे होते. घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता. अधिकाऱ्याने नाव टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा टाइप केलं. मग शिक्का मारला.

“खलास. यल्ला.” झालं, निघा.

“खलास?” दादांनी विचारलं.

“खलास, खलास.”

दादांनी पासपोर्ट दोन्ही हातांत घेतला. पण पाठ काही त्यांना फिरवता येईना. काउंटरवरची नजर न काढता ते एक एक पाऊल मागे सरकत गेले. मागून येणारे प्रवासी त्यांना वळसा घालून जात होते. अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट मागितला, तेव्हाही ते दूरवर तसेच होते. तोंड आमच्याकडे करून, उलटे चालत.