मी 'शेवंता' नावाचा फोल्डर केलाच नव्हता

कालपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — पण आधी त्या पुस्तकाबद्दल बोलू द्या, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

निवृत्तीनंतर आम्ही मळवलीला राहायला आलो. मुलगा जुना लॅपटॉप आणि तळहातावर मावेल एवढं एक पुस्तक मागे ठेवून गेला होता. संगणक चित्रांवर बोट न ठेवता, नुसत्या लिहिलेल्या आज्ञांनी कसा चालवायचा, त्याचं पुस्तक. एका पानावर एक आज्ञा, खाली दोन ओळींचा खुलासा. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ — आणि मी लिहीन ते घडतं! चाळीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांनी दिलेल्या आज्ञा पाळल्या होत्या मी. इथे मी एक ओळ लिहायचो आणि शेकडो फोटोंची नावं पापणी लवायच्या आत बदलायची. खरं सांगा, असं काही हातात आलं तर तुम्ही शांत बसला असता?

मी नाही बसलो. गावभर सांगत सुटलो. म्हणून तर नामदेव माझ्याकडे आला.

नामदेव आमच्या शेजारचा बंगला सांभाळतो, कार्ल्याला त्याची भातशेती आहे. त्याची बायको शेवंता त्या वर्षी गेली. त्याच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा — डेअरीवाला, टेम्पोवाला, बंगल्याचे मालक, आणि मधूनमधून ती. तिचा नंबर त्यानं 'घर' म्हणून ठेवला होता. फोनमधलं मेमरी कार्ड काढून त्यानं माझ्या हातावर ठेवलं.

"आबा, तिचं तेवढं येगळं काढून द्या. त्या टेम्पोवाल्याच्या शिव्यांत सापडत न्हाई ती मला."

सोपं होतं हो! 'घर' नावाच्या सगळ्या फायली शोध आणि एकेक करून 'शेवंता'मध्ये हलव — एवढीच ओळ. पुस्तकात खाली बारीक अक्षरात होतं, की आधी प्रत काढा, आधी फोल्डर तयार आहे का बघा. मी ते वाचलं होतं का? वाचलं होतं. पण नामदेव शेजारी स्टुलावर बसला होता, माझी बोटं शिवशिवत होती — आणि मला त्याला जादू दाखवायची होती.

ओळ लिहिली. बटण दाबलं. पडदा गप्प. या पडद्याची रीतच ती — काम झालं की तो काही बोलत नाही. मी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. नामदेवही हसला आणि बंगल्याच्या झाडांना पाणी घालायला गेला.

मग मी बघितलं.

'शेवंता' नावाचा फोल्डर मी केलाच नव्हता. त्यामुळे यंत्रानं पहिल्या फाइललाच 'शेवंता' नाव दिलं. दुसरीलाही तेच — पहिली पुसून. तिसरीलाही — दुसरी पुसून. शेवटी एकच उरली. त्यात ती म्हणते, "हॅलो... हॅलो... ऐकू येतंय का वो? काय बाई ही रेंज..." — आणि कॉल तुटतो.

इथवर चूक होती. चुकीसाठी मी हे लिहायला बसलो नसतो.

फोन मागे एकदा भाताच्या खाचरात पडला होता, हे नामदेवनंच मला सांगितलं होतं. ते मला आठवलं. पण पाण्यानं खराब झालेलं कार्ड फक्त बायकोचा आवाज कसा खाईल? टेम्पोवाला धडधाकट कसा राहील? म्हणून मी दुसरी ओळ लिहिली. बाकीचं सगळं पुसलं. सावकाश, पुस्तकात बघून, अक्षर न् अक्षर तपासून. त्या वेळी लाजही वाटली नाही मला. उलट आज्ञा बरोबर चालली म्हणून — कसं सांगू? — बरं वाटलं.

"कार्डात पाणी गेलंय रे," नामदेव परत आल्यावर मी म्हणालो. "एक वाचवता आलं."

त्यानं माझे पाय धरले. तेव्हापासून दर दिवाळीनंतर नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी आमच्या दारात येते. "आबांनी येवढं तरी वाचवलं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. आणि त्याची मुलगी त्याला म्हणाली होती, "बाबा, आईचा आवाजसुदा तुमाला नीट ठेवता आला न्हाई." ते मी ऐकलं. तांदूळ शिजवून खाल्ला.

गेल्या आठवड्यात मी रिकाम्या फायली बनवून तीच ओळ पुन्हा चालवली. मनाला अजून आशा होती, दोष कार्डाचा निघेल. पुन्हा एकच उरली. काल सकाळी नामदेवच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या ओळीसकट.

 तो म्हणाला, "मंजी फोन बुडाला म्हनून न्हाई गेलं?"

"नाही."

"म्या न्हाई घालवलं?"

"नाही. मी घालवलं."

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. फोन काढला, पाठ फिरवली आणि मुलीला लावला. रेंज नव्हती. तो खाचराच्या बांधावर गेला, फोन उंच धरून, आणि तिकडून ओरडला, "आगं, ऐकू येतंय का? म्या न्हाई घालवलं गं तिला... म्या न्हाई!"