पत्री हवी असेल तर रान ठेवा

आमच्या मागच्या दीड बिघ्यात जे उगवलं आहे त्याला कॉलनीतले लोक झाड-झंखाड म्हणतात. मी रान म्हणते. इकडे हिंदी मुलखात, नानाखेडा बसस्टँडच्या पुढे ही जागा घेतली तेव्हा चहूकडे सोयाबीन होतं. आम्ही कडुलिंब, करंज, खिरणी, बेल, शमी लावली आणि खाली जे आपोआप आलं ते येऊ दिलं. आता तिन्ही बाजूंना टाइल्स बसवलेली अंगणं आहेत आणि मधे आम्ही. याची मला लाज वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

घरात हे, मी, लेक, एका डोळ्याने आंधळी कुत्री आणि दोन मांजरं. बाहेर मुंगसाचं बिऱ्हाड, एक लांबलचक धामण, पिंगळ्यांची जोडी आणि ही गोष्ट घडली त्या वर्षी एक लांडोर. तिची चार पिल्लं होती, त्यातलं एक मुंगसाने नेलं. मी मुंगसाला तोंडभर शिव्या घातल्या, रडलेसुद्धा, पण त्याला हाकललं नाही. ते काही पाहुणं नव्हतं. लेक फ्रीगंजच्या ऑफिसातून आली की आधी मागे जाऊन पिल्लं मोजायची आणि तीन दिसली की मगच चहाला बसायची.

गणपती जवळ आले तसा कॉलनीच्या सेक्रेटरीने एक कागद फिरवला. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले. वाचल्याशिवाय सही करू नका, असं काउंटरवर बसून लोकांना आयुष्यभर बजावत आले. पण दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं यांना जन्मात जमलं नाही. सेक्रेटरी म्हणाला, साफ-सफाईचं आहे काका, फक्त साइन हवी. यांनी त्याला चहा पाजला, वर शंकरपाळे दिले आणि सही केली. संध्याकाळी कागदाची कॉपी माझ्या हातात पडली. जागेच्या मालकाची संमती आहे, मागचा सगळा भाग गणपती बसण्याआधी जेसीबीने साफ केला जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मालक म्हणजे आमचेच हे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पिल्लांना अजून नीट उडता येत नव्हतं. त्या गचपणाशिवाय त्यांना जागा नव्हती. जाऊन सही मागे घ्या, म्हणून मी दोन दिवस यांच्या मागे लागले. हे आपले एकच म्हणत राहिले, आता कसं सांगायचं, बरं दिसत नाही. मग मी यांच्याशी बोलणंच सोडलं. कुत्री बिचारी एकदा यांच्याजवळ, एकदा माझ्याजवळ अशी फेऱ्या घालत होती.

आता पत्रीचं सांगते. हरतालिकेच्या पूजेला सोळा तऱ्हेची पानं लागतात. आघाडा, माका, डोरली, रुई, धोत्रा, ही काही कुंडीत लावायची झाडं नव्हेत. आमच्या भागातल्या मराठी घरांना ती दरवर्षी माझ्याकडून जायची. पहाटे उठून मी जुड्या बांधायची आणि कुंपणाच्या भिंतीवर मांडून ठेवायची. बायका यायच्या, जुडी घ्यायच्या, डासांबद्दल दोन शब्द ऐकवायच्या आणि जायच्या. त्या वर्षी मी एकही जुडी बांधली नाही. गेटपाशी खुर्ची टाकून बसले.

सगळ्यांत आधी सेक्रेटरीची आई आली. निर्जळी उपास, हातात परडी. सापांबद्दल सगळ्यांत जास्त बोंब हिचीच. रिकाम्या भिंतीकडे बघून जुड्या कुठे आहेत असं तिने विचारलं.

"यंदा जुड्या नाहीत, काकू," मी म्हटलं. "आत जा आणि तोडा. कुठून येतात तेही बघून घ्या."

तिने नाक मुरडलं. पत्री टावर चौकात मिळते म्हणाली. मिळते, मी म्हटलं, तिथला पत्रीवाला आमच्याच मागच्या कुंपणातून तोडून नेतो. ती पदर खोचून आत शिरली.

दहा मिनिटांत जेसीबी आला. बायकांचा सण सेक्रेटरीच्या ध्यानात असायचं काही कारण नव्हतं. ड्रायव्हरला मी शांतपणे सांगितलं की आत सेक्रेटरीची म्हातारी आई आहे. त्याने इंजिन बंद केलं. तेवढ्यात सेक्रेटरी तरातरा आला आणि मशीन का थांबली म्हणून त्याच्यावर ओरडला.

"साहब, अम्माजी अंदर हैं. मैं कैसे चलाऊँ?"

सेक्रेटरीने आईला हाका मारल्या. ती काही घाईत नव्हती. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा साडीला कुसळं चिकटली होती आणि हातावर ओरखडा होता. लांडोर तिच्या पुढून पिल्लं घेऊन गेली असावी, कारण काकू हळूहळू, मागे बघत चालत होती. परडीतली पानं मोजून मुलाला म्हणाली, "नऊच तऱ्हा झाल्या. अजून सात राहिल्यात. मशीन वापस पाठव."

मशीन गेली. मला आनंद झाला, पण तो फक्त त्या दिवसापुरता होता. सेक्रेटरी जाता जाता म्हणालाच, "ठीक आहे, परवा करवून घेऊ. काकांची साइन आहेच."

हे पायरीवर उभे होते. कधी आले ते मला कळलंही नव्हतं.

"साइन मी न वाचता केली," हे म्हणाले. "ती चूक माझी. कागद वापस आणून दे."

"काका, पण पूरी कॉलनी…"

"नाही," हे म्हणाले. "मशीन आत येणार नाही."

कागद दुपारी परत आला. तिन्ही पिल्लं वाढली आणि आता सेक्रेटरीच्या गाडीच्या टपावर चढून बसतात, रंगावर ओरखडे काढतात. हल्ली तक्रार घेऊन कुणी आलं की दार हे उघडतात. मी आत पोळ्या लाटत ऐकत असते. हे आता चहासुद्धा विचारत नाहीत.