आवाजाची खूण

प्रताप नगरातला तो दुरुस्तीवाला जुन्या लॅपटॉपसाठी ऑपरेटिंग सिस्टिम मूळ कोडपासून नव्यानं बांधून द्यायचा. उन्हामुळं डोक्यावर ओला दुपट्टा, समोर माझा लॅपटॉप आणि सेटिंगांची न संपणारी यादी. थकल्या आवाजात तो एकेक विचारत होता, "ब्लूटूथ लागते? प्रिंटर?" नको म्हटलं की समोरची खूण काढायचा. तेवढंच मशीन हलकं.

आवाजाचं मात्र त्यानं विचारलंच नाही. मीच म्हणालो, "आवाजही काढा."

त्याचा हात थांबला. "राहू द्या भाऊ. मीबी माह्या मशीनमधून काढला होता. मंग पोरगी परदेशात गेली. तिचा पयला व्हिडिओ कॉल आला, तं नुसते ओठ हलून राहिले होते. मी आपली मान हलवत बसलो."

"काय म्हणत होती?"

"मंग फोन करून इचारलं. म्हणे, काही नाही बाबा."