बाद झाल्यावर

नातीच्या मैत्रिणी आज सुट्टीच्या पार्टीला येणार, म्हणून सून गच्चीवर संगीत खुर्चीची तयारी करते आहे. खुर्च्या मांडून झाल्यावर तिने एक उचलून बाजूला ठेवली. पोरांपेक्षा खुर्ची एक कमीच हवी, असा तो खेळ.

आमची ही नात, मीरा, पायाने अधू. दरवेळी तीच आधी बाद होते.

आमच्या लहानपणी अशा पोराला लिंबूटिंबू करत. त्याने सगळ्यांबरोबर खेळायचं, पण त्याला बाद करायचं नाही. कुणी शिकवलं नव्हतं, तरी भांडकुदळ पोरंसुद्धा ते पाळायची. हल्ली सगळ्यांना सारखं वागवतात आणि मग एकजण बाजूला उभा राहतो.

सुनेला म्हटलं, "मीराला लिंबूटिंबू कर."

"नको आई, चारचौघांत तिला वाईट वाटेल."

"आणि पहिली बाद झाल्यावर बरं वाटेल?"

तेवढ्यात मीरानेच विचारलं, "आजी, बाद झाल्यावर कुठे थांबायचं?"

मी ती बाजूची खुर्ची टाकीच्या सावलीत नेऊन ठेवली. "इथे बसायचं."

मीरा लगेच जाऊन बसली. मैत्रिणी अजून यायच्या होत्या.