‘कॉपी’ नव्हे, ‘मूव्ह’

‘कॉपी’ हा शब्द कानावर पडला की ती घटना आजही आठवते, आणि खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जळगावात एका ठाण्याचा प्रभारी होतो. मार्च महिना, दहावीची परीक्षा सुरू, निम्मा स्टाफ केंद्रांवर बंदोबस्ताला.

सकाळी जमादारांनी फोन घेतला. पलीकडून कुणीतरी घाईघाईत म्हणालं, ‘‘बसस्टँडजवळ कॉपी झाली, माल धुळ्याला चाललाय.’’ जमादार तडक जवळच्या परीक्षा केंद्रावर धडकले आणि पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन परतले. ‘‘साहेब, धुळ्याला जायच्या आत माल पकडला!’’ मी कपाळाला हात लावला.

कारण माझ्यासमोर वेगळंच प्रकरण बसलं होतं. बसस्टँडजवळ पुस्तकांची अक्षरजुळणी करणारं कॉम्प्युटरचं दुकान होतं. अमळनेरच्या एका निवृत्त मास्तरांनी, नाना म्हणायचे सगळे त्यांना, जात्यावरची अहिराणी गाणी गावोगाव फिरून जमवली होती. ती त्या दुकानातल्या मुलीनं टाइप केली. नानांचे हस्तलिखित कागद कूलरच्या पाण्यात भिजून त्यांचा लगदा झालेला, आणि आता फाईलही मशीनवरून गायब. दुकानमालकाची तक्रार होती, की रजा नाकारली म्हणून मुलीनंच ती पुसली. मुलगी खाली मान घालून बसली होती. बाहेर बाकावर तिचे वडील होते. ‘‘पोरीवर एकदा आळ बसला की जात नाही, साहेब,’’ एवढंच ते म्हणाले. मला ते लागलं.

तेवढ्यात पुन्हा फोन. सकाळचाच माणूस, दुकानाशेजारचा झेरॉक्सवाला होता. ‘‘साहेब, दहावीची नाही हो, कॉम्प्युटरची कॉपी! मालकाचा भागीदार नानांची गाणी फ्लॉपीत घालून घेऊन गेला. आज धुळ्यात त्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन शे.’’

मी मुलीला घेऊन दुकानात गेलो. ‘‘फाईल पळवायची तर कशी?’’

‘‘दोन कमांड आहेत, सर. कॉपी दिली की मूळ फाईल जागेवरच राहते. मूव्ह दिली की इथली जाते, फक्त तिकडची उरते.’’

‘‘मला दोन्ही करून दाखव.’’

तिनं दुसऱ्या एका छोट्या फाईलवर दाखवलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. कॉपीनंतर ‘एक फाईल कॉपी झाली’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. मूव्हनंतर फाईलचं जुनं ठिकाण, बाण, नवं ठिकाण आणि शेवटी कंसात ‘ओके’. मी ते दोनदा पाहून घेतलं. संशयित नेहमी आपण काय केलं याबद्दल खोटं बोलतो, पण त्यानंतर काय दिसलं याबद्दल खोटं बोलायचं त्याच्या डोक्यात येत नाही, हा माझा अनुभव.

धुळे कंट्रोलला वायरलेसवर निरोप दिला, वरिष्ठांना कळवलं आणि मुलीला व तिच्या वडिलांना घेऊन जीप सोडली. वाटेत पारोळ्याला चहासुद्धा घेतला नाही.

नव्या दुकानाला झेंडूचं तोरण होतं. भागीदाराला बाहेरच्या ओट्यावर घेतलं. गडी बेरकी. ‘‘साहेब, मी फक्त कॉपी घेतली. मूळ फाईल तिथंच होती. नंतर त्या पोरीनं पुसली असेल.’’

मी समजुतीनं घेतलं. ‘‘बरं. पण फाईल नीट आली हे तुम्हाला कळलं कसं?’’

‘‘कळतं ना. पडद्यावर ओके आलं.’’

‘‘ओके? नक्की?’’

‘‘म्हणजे काय! डोळ्यांनी पाहिलं.’’

मागे उभी असलेली मुलगी ताडकन म्हणाली, ‘‘सर, ओके मूव्हला येतं!’’ भागीदाराचा चेहरा पडला. म्हणजे नानांची सगळी गाणी आता एकाच फ्लॉपीत होती.

‘‘फ्लॉपी कुठाय?’’

‘‘आत... पूजेत मांडलीय.’’

मी बुटांसकट आत धावलो. पाटावर नवं मशीन, हार, नारळ आणि फ्लॉप्यांची रांग. त्या काळच्या मोठ्या, पातळ फ्लॉप्या. पाकिटातून काढल्या की खिडकीतून आतली काळी तबकडी उघडी दिसायची, आणि तिला ओल लागली की आतला मजकूर गेलाच. भागीदाराची आई एकेकीवर ओलं हळदकुंकू लावत होती, नेमकं त्या खिडकीवर! शेवटच्या फ्लॉपीवर बोट टेकणार तोच मी ओरडलो, ‘‘अक्का, थांबा!’’

‘‘काय व्हयनं भाऊ? बठ्ठासले कुकू लावं, हाई एकज रायनी!’’ सगळ्यांना कुंकू लागलं, ही एकच राहिली, अशी तिची तक्रार.

मुलीनं झडप घालून ती उचलली. लेबलावर तिचंच अक्षर होतं : ‘नाना, गाणी’. बाकीच्या फ्लॉप्या कोऱ्या निघाल्या. पंचनामा करताना पंच आणि अक्का दोघेही माझ्या बुटांकडे रागानं पाहत होते, पण मला तेव्हा नाचावंसं वाटत होतं.

या प्रकरणानं मला एक धडा दिला. वस्तू हलवली गेली की मागे रिकामी जागा उरते, आणि आळ चोरावर येत नाही, त्या जागेजवळ बसणाऱ्यावर येतो. पुढे कुठल्याही चोरीत मी आधी जवळ बसणाऱ्याचं ऐकून घेऊ लागलो.

पण त्या संध्याकाळची खरी मजा राहिलीच. जळगावच्या दुकानात नाना, मालक, जमादार सगळे पडद्यावर नजर लावून उभे. मुलीनं फ्लॉपी आत सरकवली, तिचं बोट कीबोर्डवर गेलं आणि मला राहवेना. ‘‘बेटा, कॉपीच कर हं!’’ ती हसली. दारात उभे असलेले तिचे वडीलही हसले, हसता हसता डोळे पुसू लागले. दहावीच्या परीक्षा चालू असताना, अंगावर वर्दी असताना, मी उघडपणे कुणालातरी कॉपी करायला सांगत होतो, आणि जमादार मान डोलवत होते.